कळणे आणि वळवणे : शय्याव्रण आणि परिचारिकांचे शिक्षण

आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात खरे, पण त्या अर्थाने नव्हे. शय्याव्रणावर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. या विषयाकडे आम्ही दोन वाटांनी आलो, त्या आधी सांगतो.

पहिली वाट घरातली. काही वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. अकराव्या दिवशी त्यांना घरी आणलं आणि अंग पुसताना वहिनींना कमरेखाली, पाठीचा कणा संपतो तिथे, तळहाताएवढा काळपट डाग दिसला. चार दिवसांत तो फुटला. हाड तीन महिन्यांत जुळलं. ती जखम भरायला सात महिने लागले.

त्या अकरा रात्रींपैकी एका रात्री आम्ही त्यांच्याजवळ होतो. वॉर्डातल्या लोखंडी स्टुलावर झोप लागणं शक्यच नव्हतं, त्यामुळे साडेबारा ते पाच आम्ही टक्क जागे. त्या वेळात कूस बदलायला कुणी आलं नाही. सकाळी पायथ्याशी लटकवलेला कागद सहज चाळला तर त्यावर लिहिलेलं : २ वाजता कूस बदलली, ४ वाजता कूस बदलली. आम्ही संतापलो आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना गाठलं. चोविशी-पंचविशीतली मुलगी. तिने नाकारलं नाही. म्हणाली, "सर, मी एकटी आणि ४२ पेशंट. कुणाचं सलाईन बघू आणि कुणाची कूस बदलू, तुम्हीच सांगा."

आम्ही मास्तर, त्यामुळे रागातही परीक्षा घ्यायची खोड जात नाही. विचारलं, बेडसोअर का होतो, कुठे होतो, कसा टाळायचा? मुलीने घडाघडा उत्तर दिलं. शंभरपैकी ९० गुण द्यावेत असं.

दुसरी वाट निवृत्तीनंतरची. एका नर्सिंग महाविद्यालयात आम्ही नीतिशास्त्राचे तास घ्यायला जात होतो. मोकळा तास असला की मागच्या बाकावर बसून इतरांचे तास ऐकायचो. शय्याव्रणाचा तास झाला, पाटीवर कारणं, लक्षणं, उपाय लिहिले गेले, मुलींनी ते उतरवून घेतले. आम्हाला ती रात्रपाळीची सिस्टर आठवली. तिनेही हेच उतरवून घेतलं असणार.

आपल्याकडे म्हणतात, कळतं पण वळत नाही. इथे प्रश्न अक्षरशः वळवण्याचा आहे. माणूस कुशीवर वळवायचा आहे, हे सगळ्यांना कळतं. मग वळवला का जात नाही? आणि शिक्षणाने यात काही फरक पडू शकतो का? आज आपण एवढंच पाहू.

आधी जखम म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपल्या बोलण्यात "पाठ लागली", "पाठीला जखमा झाल्या" असं येतं, त्यामुळे वाटतं की कातडी वरून घासली जाते आणि जखम आत जाते. पुष्कळदा होतं उलटं. आत हाड, बाहेर गादी, आणि मध्ये मांस व कातडी चेमटलेली. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पोचत नाही. आणि उपासमार सोसण्याची ताकद स्नायूत कातडीपेक्षा कमी असते. म्हणून नासाडी हाडालगत सुरू होऊ शकते आणि वर दिसते फक्त थोडी लाली. कोसिअक या संशोधकाने १९५९ साली कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की जास्त दाब थोडा वेळ आणि कमी दाब खूप वेळ, दोन्हींनी इजा होते. म्हणजे हिशेब दाबाचा आणि वेळेचा मिळून आहे.

दुसरी गोष्ट ओढीची. रुग्णाला बरं वाटावं म्हणून पलंगाचं डोकं उंच करतात. माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड खाली सरकतं. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळल्या जातात. मग दोघं येतात, काखेत हात घालतात आणि त्याला गादीवरून वर फरफटत नेतात. पुन्हा तीच ओढ, उलट दिशेने. याला घाम आणि लघवीचा ओलावा जोडा, पोटात अन्न नसणं जोडा. रेक्झिनचं कव्हर घातलेली गादी जोडा. पुसायला सोपी, पण पाठ भिजवणारी.

आता जरा इतिहास, कारण त्यात आमच्या मुद्द्याचं बीज आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी नर्सिंगवरच्या आपल्या छोट्या पुस्तकात असं मत दिलं आहे, की रुग्णाला शय्याव्रण झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो. हे १८५९-६० च्या सुमाराचं. पुढे काही वर्षांनी पॅरिसचे थोर मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी नेमकं उलट सांगितलं. मज्जातंतूंना इजा झाली की कातडी आतूनच मरते, असं त्यांचं मत. म्हणजे नर्सने काहीही केलं तरी जखम होणारच. खरं तर ब्राउन-सेकार यांनी त्याआधीच प्राण्यांवर दाखवलं होतं, की दाब आणि ओल टाळली तर पांगळ्या अंगावरही व्रण होत नाहीत. पण शार्को यांचं वजन मोठं, आणि होणारच असेल तर करायचं कशाला, हा विचार पुष्कळ दिवस टिकला. आपल्या घराघरांत तो आजही आहे. "म्हातारं माणूस, पडून आहे, व्हायचंच" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, कदाचित बोललोही असू.

हा विचार मोडला तो कृतीने. जर्मनीतून परागंदा झालेले लुडविग गुटमन हे ज्यू डॉक्टर. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे आला. असे सैनिक शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी काही महिन्यांत मरतात, असं तेव्हा गृहीतच होतं. गुटमन यांनी नियम केला : दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. आणि ती बदलली जाते की नाही हे बघायला ते स्वतः रात्री वॉर्डात यायचे. माणसं जगली. नुसती जगली नाहीत, १९४८ मध्ये त्यांनी त्याच आवारात धनुर्विद्येच्या स्पर्धा केल्या, त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. दोन तासांचा जो नियम आपल्या मुली वहीत उतरवतात, त्यामागे हा माणूस आहे. वहीत तो आकडा उतरतो. रात्री वॉर्डात येणारा वरिष्ठ काही उतरत नाही.

आता शिक्षणाकडे येऊ. नर्सेसना शय्याव्रण टाळायचं शिक्षण दिलं तर व्रण कमी होतात का? आपण म्हणू, हे काय विचारणं झालं, होणारच. पण कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली या प्रश्नावरचे अभ्यास एकत्र तपासले. कसोटीला उतरणारे जेमतेम पाच अभ्यास सापडले, आणि त्यांवरून फरक पडतो की नाही हे खात्रीने सांगता येत नाही, असा निष्कर्ष आला. शिक्षण निरुपयोगी आहे असं ते म्हणत नाहीत, हे नीट ऐका. उपयोग सिद्ध झालेला नाही, एवढंच म्हणतात. दुसरा अभ्यास बेल्जियमच्या रुग्णालयांतला, बेकमन आणि सहकाऱ्यांचा, २०११ चा. त्यांनी नर्सेसचं ज्ञान मोजलं, त्यांची वृत्ती मोजली, आणि प्रत्यक्ष रुग्णाला योग्य काळजी मिळते का हेही पाहिलं. योग्य काळजीचा संबंध वृत्तीशी लागला. ज्ञानाशी स्वतंत्र असा लागला नाही.

हे वाचलं आणि आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. कारण आमच्या विषयातला हा अडीच हजार वर्षांचा वाद आहे. सॉक्रेटिस म्हणायचा, जाणूनबुजून कुणी चुकत नाही. चूक होते ती अज्ञानाने. आपली बहुतेक प्रशिक्षण शिबिरं सॉक्रेटिसच्या शाळेतली आहेत : सांगा, म्हणजे करतील. ॲरिस्टॉटलला एवढं पुरेसं वाटलं नाही. त्याचं म्हणणं, चांगलं काय हे ठाऊक असूनही माणूस ते करत नाही, हे रोज दिसतं. आणि वीणा वाजवणारा जसा वाजवून तयार होतो, तसा सद्गुणही करून अंगी येतो. अगदी आपल्या काळात, १९४९ साली, गिल्बर्ट राइल याने "द कन्सेप्ट ऑफ माइंड" या पुस्तकात दोन ज्ञानांतला भेद ठसवला : अमुक गोष्ट अशी आहे हे जाणणं वेगळं, आणि अमुक कसं करायचं हे येणं वेगळं. पोहण्यावरचं पुस्तक पाठ असलेला माणूस विहिरीत बुडू शकतो. नर्सिंगमध्ये हा विचार पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली आणला. नवखी परिचारिका नियमाने चालते आणि तज्ज्ञ परिचारिकेला रुग्णाकडे पाहताच काहीतरी बिनसलं आहे हे जाणवतं, ते कसं घडतं याचा त्यांनी अभ्यास केला.

तर मग वर्ग कसा असावा? आम्ही नर्स नाही, तेव्हा नम्रपणे सांगतो, पण सांगतो.

पहिली गोष्ट मुलींना आणि मुलांना, आता बरीच मुलंही असतात, वॉर्डातल्याच गादीवर झोपवावं. उताणं, हातपाय न हलवता. महाविद्यालयातल्या एका बाईंना ही कल्पना पटली, तेव्हा आधी आम्ही स्वतः झोपून पाहिलं. विसाव्या मिनिटाला टाचा बोलायला लागल्या. पस्तिसाव्या मिनिटाला आम्ही हरलो आणि कूस बदलली. निरोगी माणूस झोपेतही सतत हलत असतो, शरीर आपोआप सूचना देतं. अर्धांगवायू झालेल्याला ती सूचना येत नाही. भूल किंवा झोपेचं औषध दिलेल्याला येत नाही. आणि खुबा मोडलेल्याला येते पण हलता येत नाही. पाटीवरच्या "जोखमीचे रुग्ण" या यादीचा अर्थ पस्तीस मिनिटांत कळतो. मुलींनीही करून पाहिलं. एक जण म्हणाली, "सर, मला वाटायचं पेशंट उगाच कण्हतात."

दुसरी गोष्ट डोळ्यांची. पहिल्या पायरीचं लक्षण पुस्तकात असं असतं : हाडावरच्या कातडीवर लाली, आणि बोटाने दाबल्यावर ती पांढरी पडत नाही. छायाचित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची. आपल्या वॉर्डातला शेतकरी किंवा मजूर सावळा नाहीतर काळा. त्याच्या पाठीवर लाली दिसतच नाही आणि दाबल्यावर पांढरं पडणंही दिसत नाही. दिसते ती भोवतालच्या कातडीपेक्षा गडद, कधी जांभळट छटा. म्हणून हात शिकवावा लागतो. हाताची मागची बाजू लावून बघायची : शेजारच्या कातडीपेक्षा ही जागा गरम की गार? बोटाला टणक लागते की पिठासारखी मऊ? आणि रुग्णाला विचारायचं, दुखतं का. हे तक्त्यावरून येत नाही. अनुभवी इनचार्ज सिस्टरांनी नवख्या मुलीचा हात धरून त्या जागेवर ठेवावा लागतो. ते पाच सेकंदांचं शिक्षण आहे, पण पलंगाशी होतं.

तक्त्यांचं म्हणाल तर ब्रेडन यांचा तक्ता सगळीकडे शिकवतात. जाणीव, ओलावा, हिंडणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, आहार आणि घर्षण-ओढ अशा सहा गोष्टी, ६ ते २३ गुण, १८ किंवा खाली म्हणजे जोखीम. चांगला तक्ता आहे. पण आमच्या बंधूंच्या कागदावर अकराही दिवस एकच आकडा होता. शस्त्रक्रियेच्या दिवशी तोच आणि चौथ्या दिवशी जुलाब झाले तेव्हाही तोच. म्हणजे कुणीतरी कालचा आकडा आज उतरवत होतं. आकडा काढायला शिकवतात. आकडा १५ आला तर आज दुपारी मी नेमकं काय वेगळं करणार, हे विचारायला शिकवत नाहीत. ओलाव्याचे गुण कमी असतील तर उपाय चादर आणि लघवी यांच्याकडे आहे, आहाराचे कमी असतील तर ताटाकडे. बेरजेत हे हरवतं.

तिसरी गोष्ट जरा अवघड, कारण ती विसरायला शिकवण्याची आहे. जुन्या सिस्टर्स मोठ्या मायेने पाठीला स्पिरिट लावून चोळायच्या आणि वर पावडर मारायच्या. पिढ्यान्‌पिढ्या हे शिकवलं गेलं. आता मार्गदर्शक सूचना सांगतात, लाल झालेल्या किंवा हाडावरच्या जागेवर चोळू नका, आत आधीच दुखावलेलं मांस आणखी दुखावतं. आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते. तसंच हवा भरलेली गोल रिंग. बसायला सुखाची वाटते, पण तिच्या कडा भोवतालचं रक्त अडवतात. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवायची युक्तीही बाद. हे सांगताना जुन्या सिस्टरांचा अपमान होता कामा नये. त्या पाठ चोळत होत्या, म्हणजे निदान दिवसातून एकदा पाठ बघत तरी होत्या. चोळणं सोडा, बघणं सोडू नका, असं सांगितलं की त्या ऐकतात. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता त्या मुलीचा प्रश्न. ४२ रुग्ण आणि एक सिस्टर. याला टाळून शिक्षणावर बोलणं ही लबाडी होईल. मनुष्यबळ द्यायचं नाही, गाद्या बदलायच्या नाहीत, आणि दर सहा महिन्यांनी शिबिर घेऊन सह्या घ्यायच्या, म्हणजे उद्या जखम झाली तर "प्रशिक्षण दिलं होतं" म्हणायला मोकळे. नाइटिंगेलबाईंचं ते मत अशा वेळी काठीसारखं वापरलं जातं. बाईंनीच त्याच पुस्तकात शुश्रूषेच्या व्यवस्थापनावर प्रकरण लिहिलं आहे, आपण नसताना ते काम कसं होईल याची तजवीज करण्यावर. ते कुणी वाचत नाही.

पण म्हणून शिक्षणाने हात झटकावेत असंही नाही. वेळ न लागणाऱ्या गोष्टी आहेत. पोटरीखाली उशी किंवा घडी केलेलं ब्लँकेट, की टाच अधांतरी, अर्धं मिनिट. पलंगाचं डोकं गरज नसेल तेव्हा ३० अंशांच्या खाली. एक कळ फिरवायची. सरकवताना ओढायचं नाही, खालच्या ड्रॉ शीटला धरून दोघांनी उचलायचं, वेळ तेवढाच. ऑक्सिजनची नळी कानामागे रुतली आहे का बघायचं. आणि पाळी बदलताना ओव्हर देतात-घेतात तेव्हा जोखमीच्या रुग्णांच्या टाचा आणि पाठ दोघींनी मिळून बघायची. ४२ जणांची नाही, जोखमीच्या सात-आठ जणांची. कुणाला आधी वळवायचं हे ठरवता येणं, हेच तर तक्त्याचं काम. त्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिला शिकवलं होतं, सगळ्यांना दर दोन तासांनी. ते अशक्य होतं, म्हणून तिने कुणालाच केलं नाही आणि सगळ्यांचं लिहिलं.

त्या लिहिण्याबद्दल बोललंच पाहिजे, आम्ही नीतिशास्त्र शिकवत होतो. खोटी नोंद ही त्या मुलीची चूक होतीच. पण कोरी जागा दिसली की मेमो मिळतो आणि खोटी जागा दिसली तर काहीच होत नाही, अशी व्यवस्था असेल तर आपण खोटं शिकवतो आहोत. आणि त्याचं नुकसान दुहेरी. रुग्णाची कूस बदलत नाही हे एक. दुसरं, वरच्यांना कागदावर सगळं छान दिसतं, म्हणून दुसरी सिस्टर कधीच येत नाही. "रात्री २ : बदलता आली नाही, दोन नवे रुग्ण आले" असं लिहिण्याची हिंमत विद्यार्थिदशेतच द्यायला हवी, आणि ते वाचून न रागावण्याचं शिक्षण मेट्रनना. वर्गात आम्ही हे म्हटलं तेव्हा मुली हसल्या. त्यांचं हसणं आम्हाला अजून बोचतं.

शेवटी मावशी, मामा आणि नातेवाईक. आपल्या वॉर्डात रुग्णाला प्रत्यक्ष हात लावतात ते हे लोक. चादर बदलते ती मावशी, सरकवतो तो वॉर्डातला मामा, रात्रभर जागतं ते घरचं माणूस. परदेशी पुस्तकांत हे कुणी नसतं. म्हणून आपल्या परिचारिकेला स्वतः करता येणं पुरेसं नाही, दुसऱ्याला शिकवता आलं पाहिजे, आणि तिच्या अभ्यासक्रमात ते खऱ्या अर्थाने हवं. त्या रात्री आम्ही साडेचार तास जागेच होतो. कुणी दहा मिनिटं दाखवलं असतं तर भावाला आम्ही वळवलं नसतं का?

वेळ संपत आली. एक चिठ्ठी आली आहे ती घेऊ. एक ताई विचारतात, "आई चार महिने घरी अंथरुणावर आहे. रात्री दर दोन तासांनी उठणं आम्हाला जमत नाही. काय करावं?"

ताई, आधी मनातून अपराधीपणा काढा. दोन तास हा पाषाणावरचा आकडा नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांत चांगल्या फोमच्या गाद्यांवर दोन, तीन आणि चार तासांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. व्रणांत फारसा फरक आढळला नाही. पण ती गादी तशी होती, हे विसरू नका. फोमची गादी किंवा हवेची अल्फा बेड घेता आली तर घ्या. तिने अंतर वाढतं, वळवणं बंद होत नाही. आईंना पूर्ण कुशीवर टाकू नका, खुब्यावर भार येतो. पाठीमागे उशी देऊन थोडं कलतं ठेवा, साधारण ३० अंश. टाचा अधांतरी. सकाळी उजेडात पाठ, खुबे, टाचा, घोटे बघा, हात लावून बघा. दाबातून मोकळी केलेली जागा अर्ध्या तासात पूर्ववत झाली तर तुमचं रात्रीचं अंतर त्यांना सोसतं आहे. नाही झाली तर अंतर कमी करा, त्या कुशीवर तूर्त ठेवू नका, आणि डॉक्टरांना दाखवा. पुढे कधी त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं, तर घरी सोडायच्या दिवशी सिस्टरांना सांगा, "आम्हाला एकदा करून दाखवा, मग आम्ही तुमच्यासमोर करतो." बहुतेक सिस्टर आनंदाने दाखवतील. त्यांना तसं कुणी विचारत नाही.